मन्मथअप्पा आणि बाटली-डब्याचा घोळ

पहिल्या भेटीत मन्मथअप्पांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जातसुद्धा विचारली नाही. त्यांनी माझ्या हातातला जेवणाचा डबा घेतला, त्याच्या बुडावर नखाने टिचकी मारली, कान जवळ नेला आणि म्हणाले, "नुसता पत्रा हाय, गुरुजी. कोनी दिला ह्यो?" डबा माझ्या लग्नात सासुरवाडीकडून आला होता आणि बायको शेजारीच उभी होती. धारूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो आणि भाड्याच्या खोल्या बघायला त्यांच्याकडे आलो होतो. बायको परतताना म्हणाली, इथं राहायचं नाही. पण गावात दुसऱ्या बऱ्या खोल्या नव्हत्या, म्हणून राहिलो.

अप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान. पुढे दुकान, मागे गोदाम, वर अप्पा आणि काकू, आणि मागच्या अंगाला आम्ही. लिंगायत घर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सकाळच्या पूजेशिवाय तोंडात पाणी नाही. मुली लातूरकडे दिलेल्या. तेव्हा गावात केबल टीव्ही आला होता, एसटीडीचा बूथ झाला होता आणि लोक तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून स्टील आणि प्लॅस्टिक नेत होते. अप्पा मात्र घागर घ्यायला आलेल्या बाईची आधी उलटतपासणी घेत. पिण्याचं पाणी ठेवणार का वापरायचं? बोअरचं का आडाचं? चुलीजवळ ठेवणार का मोरीत? "भांडं चुकलं की जिन्नस नासला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ती बिचारी अर्ध्यातच कंटाळून शेजारच्या दुकानातून प्लॅस्टिकची घागर घेऊन जायची. अप्पांना त्याचं काही वाटायचं नाही. "तिला पानी न्हाई, रंग भरायचा व्हता," असं म्हणून ते पुन्हा गादीवर टेकायचे.

दुसऱ्याला एवढे प्रश्न विचारणारा हा माणूस स्वतःसाठी काही घ्यायची वेळ आली की पार अडकून बसायचा. दुकानात पंखा टांगता लावावा की टेबलावरचा घ्यावा, ह्या विचारात एक अख्खा उन्हाळा गेला आणि आम्ही सगळे पुठ्ठ्याने वारा घेत बसलो. केजला जायचं असलं की पहिली एसटी सोडून द्यायचे, कारण पुढची रिकामी असेल. पुढची भरलेली यायची. "पयलीच बरी व्हती," असं ते मला ऐकवायचे, जसं काही ती मीच सोडली. माझं डोकं उठायचं, पण हसूही यायचं. पुढे जे झालं त्यात हसू कमी होत गेलं.

एका हिवाळ्यात अप्पांची कंबर धरली. पाठीतून कळ निघायची, ती पोटाखाली उतरायची आणि ते गादीवर आडवे व्हायचे. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की चहाच्या भांड्याला पांढरा थर बसायचा, त्यामुळे गावात मुतखडा घरटी होता. मी त्यांना अंबाजोगाईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि फोटो उजेडाला धरून सरळ सांगितलं, "खडा मोठा आहे. आपोआप पडणार नाही. ऑपरेशन करून घ्या. लांबवलंत तर किडनी जाईल." अप्पांनी मान हलवली. बाहेर आल्यावर बाकावर बसले. मग विचारलं, "गुरुजी, ऑपरेशनला आंगावरचं समदं काडून ठिवावं लागतंय का?" मी म्हणालो, हो, त्यांचा हिरवा झगा घालतात. मला वाटलं, म्हातारा लाजतोय. मी विषय तिथंच सोडला.

गावात परतलो आणि दुसऱ्याच दिवशी सटवाजी ड्रायव्हर दुकानात येऊन बसला. आमच्या मुक्कामी एसटीचा हा ड्रायव्हर, आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडे इलाज तयार. "आप्पा, ऑपरेशनचं नाव काडू नका. मला बी खडा व्हता. बिअर प्यालो, बदाबदा पानी गेलं आन् खडा पडला. लोकं कावून पोट फाडून घेत्यात कळत न्हाई." सटवाजीचा खडा तिळाएवढा असणार आणि अप्पांचा बोराएवढा होता, हे मी तिथंच ओरडून सांगितलं. बिअरने खडा विरघळत नाही, लघवी वाढते इतकंच, ती पाण्यानेही वाढते, हेही सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पानी तर जलमभर प्यालो, गुरुजी. त्येनंच तर खडा केला."



ज्या माणसाने जन्मात ताडीचा वास घेतला नव्हता, तो आता बिअर प्यायला तयार झाला. "दारू म्हून न्हाई. दवा म्हून." आणि ती दवा आणायची कोणी? धारूरच्या दुकानात अप्पा गेले तर बाजारात बोभाटा. सटवाजीवर भरवसा नाही, तो वाटेतच संपवेल. राहिलो मी. "तुमी सायन्सचे. तुमच्या हातात कोनी बगितली तर म्हणंल, प्रयोगाला आणली." मी साफ नकार दिला. मग रात्री वरून कण्हण्याचा आवाज यायला लागला आणि सकाळी काकू डोळ्यांत पाणी घेऊन दारात उभ्या राहिल्या. बायको म्हणाली, आणून द्या एकदाची, पिऊन काही होत नाही हे कळलं की जातील ऑपरेशनला. तिचं म्हणणं मला पटलं, आणि माझे हाल सुरू झाले.

शनिवारी शाळा सुटल्यावर अंबाजोगाई गाठली. मेडिकलची पोरं राहायची त्या भागात एक दुकान होतं. मी मान खाली घालून बिअर मागितली तर दुकानदाराने मोठ्याने विचारलं, "बाटली का कॅन?" फळीवर रंगीत डबे मांडलेले होते. बिअर डब्यात येते हे मला तिथंच कळलं. मी बाटली म्हणालो, वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत घातली आणि वर मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या. परतीच्या एसटीत उभं राहायलाही जागा नव्हती. सीटवर बसलेल्या एका माणसाने, तो माझ्या वर्गातल्या मुलाचा बाप निघाला, पिशवी ओढून घेऊन मांडीवर ठेवली. "द्या गुरुजी, कावून धरून उभं राहता." थोड्या वेळाने म्हणाला, "पिशवी लई गार लागायली. दही हाय का?" मी म्हणालो, दही आहे. धारूर येईपर्यंत त्याने दोन्ही हातांनी ते दही सांभाळलं.

अप्पांनी गोदामाचं दार आतून लावून घेतलं. बाटली उजेडात धरली, फिरवली, आणि तिच्या खांद्यावरच्या पांढुरक्या घासलेल्या पट्ट्यावर अंगठा फिरवला. "हे बगा. घासलेली हाय. ही बाटली कितीदा भरली, कितीदा रिती झाली. कोनकोन तोंड लावलं आसंल हिला?"

"अप्पा, कारखान्यात उकळत्या पाण्याने धुतात."

"तुमी बगितलं?"

मी बघितलं नव्हतं. संतापाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, की असं उष्ट्या-खरकट्याचं असेल तर डब्यातली प्या, तो एकदाच भरतात. वाक्य संपायच्या आत मला माझी चूक कळली, पण अप्पांचे डोळे चमकले होते. पुढच्या शनिवारी मी पुन्हा अंबाजोगाईत, पुन्हा मान खाली, पुन्हा मेथी.

डबा हातात आला तशी त्यांनी त्याला टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. "अल्युमिन. आत आंबट जिन्नस. आन् कल्हई कुटं हाय?" भांडेवाल्याचं हे दुखणं वेगळं. कल्हई नसलेल्या पितळेत ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, हिरवट होते, पोट बिघडवते. अप्पांचा धंदाच त्यावर उभा होता. मी सांगितलं की डब्याला आतून पातळ लेप दिलेला असतो. "तुमी बगितलं?" पुन्हा तेच. मी चिडून पत्रा कापायची कात्री उचलली आणि त्यांच्या समोर डबा उभा कापला. अर्धी बिअर माझ्या विजारीवर, अर्धी गोदामाच्या फरशीवर. अप्पांनी कापलेल्या पत्र्यावर आतून बोट घासलं, चष्मा वर केला, खाली केला. "लेप दिसत न्हाई." तो पारदर्शक असतो म्हणून दिसत नाही, असं मी म्हणालो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी नापास मुलांकडे बघताना वापरतो.

मग दोन्ही आणायला लावलं. कल्हईच्या दोन वाट्यांत एकीत बाटलीतली, एकीत डब्यातली, अशी झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी कोणती रंग बदलते ते बघायचं. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाट्यांत फेस गेलेलं पिवळं पाणी होतं आणि प्रत्येकीत चिलटं मरून पडली होती. "दोनी सारखंच दिसायलंय," अप्पा म्हणाले. मी म्हणालो, मग घ्या ना त्यातलं कोणतंही एकदाचं! "सारखं दिसायलंय म्हंजे फरक आत हाय, गुरुजी." मी गोदामातून निघालो तो थेट घरी जाऊन पांघरूण घेऊन झोपलो.

शेवटी एक तोडगा निघाला. बाटलीच आणायची, पण ओठ लावायचा नाही. चौपदरी धुतलेल्या फडक्यातून गाळून ती चांदीच्या वाटीत घ्यायची, चांदीला कशाचाच दोष लागत नाही म्हणून, आणि चमच्याने प्यायची. अप्पा डोळे मिटून, नाक धरून चार-सहा चमचे घेत, सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावून घेत आणि उरलेली बाटली मोरीत ओतत. चमचाभर बिअरने खडा पडता तर धारूरकर चमच्याने घेतात त्या कफ सिरपने डोंगर पडले असते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. "इलाज सुरू हाय म्हंतो मी डॉक्टरला," ते म्हणाले. त्या पहिल्या खेपेनंतर डॉक्टरकडे ते गेलेच नव्हते. मी त्यांच्यासाठी पुन:पुन्हा वेळ ठरवून यायचो आणि निघायच्या दिवशी ते म्हणायचे, "आदी बाटली-डब्याचं नक्की हू द्या. उगं घाई कावून?"

तोवर रिकाम्या बाटल्यांचा प्रश्न आला. भंगारवाल्याला दिल्या तर तो बाजारभर सांगेल. म्हणून अप्पांनी त्या माळ्यावरच्या मोठ्या हंड्यांमध्ये दडवल्या. लग्नसराई सुरू झाली आणि आडसकडचं एक वऱ्हाड रुखवताची भांडी घ्यायला आलं. नवरीच्या मामाने सगळ्यांत मोठा हंडा उतरवून घेतला आणि बूड बघायला उलटा केला. आतून बाटली निघाली ती गडगडत थेट नवरीच्या आजीच्या पायापाशी. मी तेव्हा नेमका दारातून आत येत होतो. अप्पांनी क्षणभरही न डगमगता माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या गुरुजींची हाय. प्रयोगाची." वऱ्हाडाने माझ्याकडे बघितलं आणि हंडा न घेताच ते बाहेर पडलं. चौथ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावून, दार लावून, मायेने विचारलं की घरी काही त्रास आहे का.

मी अप्पांशी बोलणं टाकलं. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. जिन्यात गाठून म्हणाले, "गुरुजी, ह्यावरून एक समजलं. डबाच बरा. चेपला की चपटा व्हतो, कुटं बी मावतो." म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. कल्हई, लेप, कळक, सगळं. आणि इकडे माणूस वाळत चालला होता. चेहरा पिवळा पडला, भस्माचे पट्टे सुरकुत्यांत बसेनात, गिऱ्हाईक आलं तर गादीवरूनच "घ्या काय घ्यायचं ते" म्हणायला लागले. ते ऐकलं आणि मी घाबरलो. अप्पा प्रश्न विचारायचे थांबले होते.

उन्हाळा संपता संपता त्यांना हुडहुडी भरून ताप आला. काकूंनी गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. जीप करून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, जुना फोटो मागितला, आणि तो बघून आधी माझ्यावर ओरडले. किडनीत पू झाला होता. ती काढायची, आणि आत्ताच. सही काकूंनी केली. मी अप्पांच्या ढकलगाडीबरोबर ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो.

दारात सिस्टरने सांगितलं, "काका, गळ्यातलं काढा."

अप्पांनी दोन्ही हात छातीवर दाबून धरले. अंगात ताप, डोळे खोल गेलेले, पण त्या हातांत एवढं बळ कुठून आलं कळेना. "न्हाई. मरू द्या मला. पन हे उतरणार न्हाई." सदऱ्याच्या आत, चांदीच्या करंड्यात त्यांचं पूजेचं इष्टलिंग होतं. जन्मल्याबरोबर ते त्यांच्या गळ्यात बांधलं होतं आणि त्यानंतर कधीच अंगावेगळं झालं नव्हतं, झोपेत नाही, आंघोळीत नाही. लिंग अंगावरून उतरलं की ते जितेपणीच मेल्यासारखे होणार होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तो बाकावरचा प्रश्न, ते पुढे ढकलणं, बाटली, डबा, कल्हई, गाळणी, चांदीची वाटी, सगळं ह्याच्यासाठी चाललं होतं. गळ्यातलं लिंग उतरू नये म्हणून ह्या माणसाने तोंडाला बिअर लावली होती, आणि लावायचीच तर निदान ती स्वच्छ भांड्यातून लावावी म्हणून जिवाचं रान केलं होतं.

सिस्टर उदगीरकडची होती, तिकडे लिंगायत घरं पुष्कळ. तिने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो काका, उतरवा कोण म्हणतंय? गळ्यातून काढा आणि दंडाला बांधा. अंगावरच राहील. तुमचे लोक नेहमी येतात इथं, सगळ्यांचं असंच करतो आम्ही." तिने खिशातून बँडेजची पट्टी काढली. काकूंनी करंडा अप्पांच्या दंडावर धरला, सिस्टरने गाठ मारली, आणि सगळं मिनिटभरात झालं.

अप्पा त्या गाठीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "असं चालतंय, गुरुजी?" आणि गाडी आत गेली.

ते वाचले. एका किडनीवर पुढे बरीच वर्षं जगले, दुकान चालवलं, घागर घेणाऱ्या बायकांना पुन्हा प्रश्न विचारून पळवून लावलं. माझी बदली पाटोद्याला झाली. ते गेले तेव्हा मी धारूरला गेलो होतो. बसलेल्या लोकांत सटवाजी होता, आणि आपल्या बिअरमुळेच अप्पा एवढे जगले असं तो शपथेवर सांगत होता.  माणूस गेल्यावर त्याच्यावरचा राग जातो म्हणतात. माझा गेलेला नाही. जो माणूस दुसऱ्याच्या घागरीसाठी दहा प्रश्न विचारायचा, त्याने स्वतःच्या जिवाचा एक प्रश्न पोटात दाबून ठेवला आणि त्यापायी एक किडनी घालवली. आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि हे सगळं मी त्यांना ऑपरेशननंतर तिथेच, वॉर्डात, खाटेशेजारी बसून सुनावलं होतं. नळ्या लावलेल्या आजारी माणसावर मी अक्षरशः ओरडलो होतो. पहिल्याच दिवशी डॉक्टर समोर होते. मी शेजारी होतो. एक वाक्य, अप्पा! हे अंगावर राहील का, एवढं एक वाक्य विचारलं असतंत तर काय बिघडलं असतं?

शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. काकू दाराकडे बघायला लागल्या. अप्पांनी पट्टी बांधलेला दंड दुसऱ्या हाताने धरला.

"आन् डॉक्टर न्हाई म्हणला आसता, तर मंग मी कुटं जाणार व्हतो, गुरुजी?"